संगणकाची स्मृती : बिघाडाचे अचूक निदान

बेल्जियममध्ये १८ मे २००३ रोजी निवडणूक झाली. ब्रुसेल्स परिसरातील स्कारबेक येथे मतदान संगणकाच्या साहाय्याने घेण्यात आले होते. मोजणीच्या वेळी एका उमेदवाराच्या नावापुढे शक्य असतील त्याहून अधिक मते दिसू लागली. मतदारांच्या चुंबकीय कार्डांवरून फेरमोजणी केली असता ४,०९६ मते जादा नोंदली गेल्याचे आढळले. तज्ज्ञांना कार्यक्रमात, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये, दोष सापडला नाही. ४,०९६ ही संख्या दोनचा बारावा घात आहे. त्यावरून, संगणकाच्या स्मृतीतील एकच अंक आपोआप शून्याचा एक झाला असावा, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

मूळ कार्डे जपून ठेवलेली असल्यामुळेच ही चूक दुरुस्त होऊ शकली. सातबारा, घरपट्टी, जन्म-मृत्यूच्या नोंदी, विद्यार्थ्यांचे गुण हे सारे आज संगणकावर आलेले असताना, स्मृतीतील दोष कसा ओळखावा याची माहिती प्रत्येक कार्यालयात असणे अगत्याचे आहे.

दोष कसा निर्माण होतो?

संगणक काम करीत असताना चालू मजकूर ज्या स्मृतीत ठेवतो, तिला व्यवहारात 'रॅम' म्हणतात. आजच्या प्रचलित रॅमची मूळ रचना आयबीएम कंपनीतील रॉबर्ट डेनार्ड यांची असून तिचे पेटंट १९६८ मध्ये देण्यात आले. या रचनेत प्रत्येक अंक एका अतिसूक्ष्म धारित्रातील विद्युतभाराच्या रूपाने साठविला जातो. हा भार सतत झिरपत असतो. म्हणून प्रत्येक कोष साधारणतः दर ६४ मिलिसेकंदांत पुन्हा भरावा लागतो. आठ गिगाबाइटच्या रॅममध्ये असे सुमारे ६,८७० कोटी कोष असतात. त्यांपैकी एखादा दुबळा निघाला, तर त्यातील अंक बदलतो.

परिणाम कोणता होईल, हे तो कोष त्या क्षणी कशासाठी वापरात आहे यावर अवलंबून असते. तेथे संगणकाला दिलेली आज्ञा असेल, तर संगणक अडकतो, निळा पडदा दिसतो किंवा यंत्र आपोआप पुन्हा सुरू होते. तेथे आकडा असेल, तर तो निमूटपणे बदलतो. समजा, १,२०० ही रक्कम साध्या द्विमान पद्धतीने साठविलेली आहे. तिच्यातील १,०२४ दर्शविणारा अंक पुसला गेला, तर उरतात फक्त १७६. संगणक बंद पडला तर निदान लक्षात तरी येते. बदललेला आकडा मात्र कोणाच्याही नजरेस न येता दप्तरात कायम होतो.

काही चुका क्षणिक असतात. आवरणातील द्रव्यांतून निघणाऱ्या अल्फा कणांमुळे अंक बदलू शकतात, हे इंटेल कंपनीच्या टिमथी मे व मरे वुड्स यांनी १९७८ मध्ये दाखवून दिले. परंतु गूगलच्या संगणकांवर आधारित २००९ च्या अभ्यासात असे आढळले की, वर्षभरात सुमारे ८ टक्के स्मृतिपट्ट्यांत चुका झाल्या आणि त्यांत कायमच्या दोषांचा वाटा मोठा होता. म्हणजेच तपासणीने सापडू शकणारे दोष पुष्कळ असतात.

संशय केव्हा घ्यावा?

एकच कार्यक्रम नेहमी एकाच ठिकाणी बंद पडत असेल, तर दोष बहुधा त्या कार्यक्रमातच असतो. परंतु निरनिराळे कार्यक्रम, निरनिराळ्या वेळी, निरनिराळ्या कारणांनी बंद पडत असतील. एकच संकुचित फाइल कधी उघडते व कधी सदोष ठरते, असे घडत असेल. नव्याने प्रणाली बसवितानाही अडथळे येत असतील, तर रॅमचा संशय घ्यावा. अपुरा वीजपुरवठा, धुळीने बंद पडलेला पंखा आणि सदोष हार्ड डिस्क यांचीही लक्षणे अशीच असतात. म्हणून केवळ लक्षणांवरून निर्णय देऊ नये.

तपासणीचा क्रम

१. प्रथम महत्त्वाच्या माहितीची प्रत काढावी. मात्र जुन्या, खात्रीच्या प्रतीवर ती लिहू नये. सदोष स्मृतीतून काढलेली प्रतही सदोष असू शकते.

२. स्मृतीचा वेग वाढविणारी मांडणी केलेली असल्यास ती मूळ स्थितीत आणावी.

३. त्यानंतर तपासणी कार्यक्रम चालवावा. विंडोजमध्ये 'मेमरी डायग्नोस्टिक' ही सोय असते. 'मेमटेस्ट८६' सारखा कार्यक्रम पेन ड्राइव्हवरून, मूळ प्रणाली सुरू न करता चालविता येतो. तो प्रत्येक कोषात ठरावीक क्रमाने शून्य व एक लिहून ते पुन्हा वाचतो. काही कोष शेजारच्या कोषांत विशिष्ट अंक असतानाच किंवा यंत्र तापल्यावरच चुकतात. म्हणून तपासणीच्या अनेक फेऱ्या, शक्यतो रात्रभर, होऊ द्याव्यात.

४. एकही चूक आढळली तरी ती क्षम्य समजू नये. उलट, चूक न आढळल्यास स्मृती निर्दोष असल्याचे सिद्ध होत नाही. संशय कमी होतो, इतकेच.

५. चूक आढळल्यास वीज पूर्ण तोडून, अंगावरील स्थिर विद्युत धातूला स्पर्श करून घालवून, पट्ट्या काढून नीट बसवाव्यात. त्यानंतर एकेक पट्टी स्वतंत्रपणे तपासावी. पट्टी दुसऱ्या खाचेत बसविल्यावरही चूक तिच्यामागे गेली, तर पट्टी सदोष. कोणतीही पट्टी बसविली तरी चूक त्याच खाचेत राहिली, तर दोष मदरबोर्डाचा समजावा.

हे काम जाणकार तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावे; परंतु कोणत्या पट्टीत व कोणत्या खाचेत चूक आढळली, याची लेखी नोंद कार्यालयाने अवश्य मागावी. हमीच्या मुदतीत पट्टी बदलून मागताना ती उपयोगी पडते.

दुरुस्तीनंतर

पट्टी बदलल्यावर तपासणी पुन्हा करावी. बिघाडाच्या काळात नोंदविलेले आकडे मूळ कागदपत्रांशी ताडून पाहावेत. ज्या संगणकावर संपूर्ण कार्यालयाची माहिती असते, त्यासाठी दोषसुधारक स्मृती घेणे इष्ट होय. रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० मध्ये मांडलेल्या तत्त्वावर ती आधारलेली असून, एका शब्दातील एका अंकाची चूक ती स्वतः सुधारते व दोन अंकांची चूक निदर्शनास आणते.

योग्य निदान न झाल्यास प्रणाली वारंवार नव्याने बसविली जाते, काम करणाऱ्यावर ठपका येतो आणि अखेर संपूर्ण यंत्र निर्लेखित करण्याचा प्रस्ताव तयार होतो. प्रत्यक्षात बदलायची असते ती केवळ एक पट्टी. क्रमवार तपासणीने हा खर्च टळतो आणि नागरिकांच्या नोंदींची विश्वासार्हताही कायम राहते.