हसण्यापुरती बोली

१९९०च्या ‘अग्निपथ’मधला विजय दीनानाथ चव्हाण आपलं गाव अभिमानाने सांगतो: मांडवा. हे गाव काल्पनिक नाही. अलिबाग तालुक्यात, मुंबईच्या समोरच्या किनाऱ्यावर मांडवा आहे. भोवताली आगरी-कोळ्यांची वस्ती आहे. अमिताभ बच्चन यांनी या भूमिकेसाठी मुद्दाम घोगरा, दाबलेला आवाज लावला. प्रेक्षकांना तो रुचला नाही, पण राष्ट्रीय पुरस्कार त्याच भूमिकेने मिळवून दिला. आवाज बरा की वाईट, यावर तेव्हा भरपूर चर्चा झाली. मांडव्यात वाढलेला मुलगा कसा बोलेल, हे मात्र कुणी विचारलं नाही.

याच चित्रपटात मिथुन चक्रवर्तींचा कृष्णन अय्यर आहे. नारळपाणी विकणारा हा तमिळ माणूस एका बंगाली नटाने उभा केला. त्याच्या तोंडी मात्र पहिल्या वाक्यापासून घसघशीत ‘मद्रासी’ हिंदी आहे. त्यासाठी मिथुन यांना सहाय्यक अभिनेत्याचं फिल्मफेअर मिळालं. एकाच चित्रपटात दोन प्रांतांची दोन माणसं. ज्याच्यावर हसायचं त्याला लहेजा दिला आणि ज्याच्यासाठी रडायचं त्याला त्यातून मोकळं ठेवलं. पडद्यावरच्या खोट्या लहेजाचं मूळ मला या वाटणीत दिसतं. नटाची जीभ त्यानंतर अडखळते.

आयरिश माणसांची तक्रार

जगात या बाबतीत सर्वांत जास्त सोसलं असेल तर आयरिश लोकांनी. स्कॉटिश शॉन कॉनरी ‘डार्बी ओ’गिल अँड द लिटल पीपल’मध्ये (१९५९) आयरिश झाला, टॉम क्रूझ ‘फार अँड अवे’मध्ये (१९९२), ज्युलिया रॉबर्ट्स ‘मायकेल कॉलिन्स’मध्ये (१९९६) आणि ब्रॅड पिट ‘द डेव्हिल्स ओन’मध्ये (१९९७). डब्लिनमध्ये आजही या नावांवर हशा पिकतो. ‘पी. एस. आय लव्ह यू’ (२००७) मधल्या आपल्या उच्चारांबद्दल जेरार्ड बटलरने तर आयरिश लोकांची जाहीर माफी मागितली.

हे दुखणं सिनेमाच्या आधीचं आहे. इंग्लंडच्या नाटकांत दारूडा, भांडखोर, बडबड्या आयरिश माणूस कित्येक पिढ्या ठरलेला असे. १९०४ साली येट्स, लेडी ग्रेगरी आणि त्यांच्या सोबत्यांनी डब्लिनमध्ये अ‍ॅबी थिएटर सुरू केलं, त्यामागे या सोंगाला उत्तर देण्याचीही इच्छा होती.

२०२०च्या ‘वाइल्ड माउंटन थाइम’ची झलक आली तेव्हा एमिली ब्लंट आणि ख्रिस्तोफर वॉकेन यांच्याबरोबर जेमी डॉर्ननचीही टर उडाली. डॉर्नन हा उत्तर आयर्लंडचा. कथा घडते मुलिंगर भागात, म्हणजे बेटाच्या मधोमध. तिकडचं बोलणं त्याच्या घरच्या बोलण्याहून वेगळं. बेटावरचा माणूस असूनही दुसऱ्या परगण्याची परीक्षा तो पास होऊ शकला नाही. भिवंडीच्या माणसाने उरणची आगरी बोलून दाखवावी, तसंच हे.

‘ळ’चा ‘ल’ केला की आगरी होत नाही

कल्याणच्या पुढे विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही स्टेशनं लागतात. रुळांच्या दोन्ही बाजूंना आता बावीस मजली संकुलं आहेत. त्यांच्या मधूनच म्हारळ, आशेळे, माणेरे, चिखलोली, मोरिवली, बेलवली, मांजर्ली, एरंजाड ही जुनी गावंही टिकून आहेत. आगरी, कुणबी, कातकरी, ठाकूर ही इथली मूळची माणसं. अंबरनाथच्या शिवमंदिरात शके ९८२चा, म्हणजे इसवी सन १०६०चा शिलाहारकालीन लेख आहे. वस्ती किती जुनी आहे हे त्यावरून कळावं.

मराठी छोट्या पडद्याने या सगळ्यांतून एकच माणूस उचलला, तो म्हणजे ‘दादूस’. गळ्यात सोनं, अंगात जोर, आवाज चढा. अरुण कदम यांनी विनोदी कार्यक्रमांतून हे पात्र घरोघरी नेलं. पुढे विनायक माळी यांच्या यूट्यूबवरच्या चित्रफितींनी ते मोबाइलवर आणलं. भिवंडीचे गायक संतोष चौधरी तर ‘दादूस’ याच नावाने ‘बिग बॉस मराठी’त गेले. या मंडळींचा कान पक्का आहे. अडचण त्यांच्यामागून येणाऱ्या नकलाकारांची. त्यांनी आगरी ऐकलेली नसते, त्यांनी ‘दादूस’ ऐकलेला असतो.

नक्कल कुठे फसते ते एका वाक्यात दाखवता येतं. पुस्तकी मराठीत आपण म्हणू: ‘गाडी गेली. मला कामाला जायचं होतं.’ मालिकेतलं आगरी पात्र म्हणतं: ‘गाडी गेली ना वो दादूस! मला कामाला जायचं व्हतं!’ बेलवलीतली एखादी आजी म्हणेल: ‘गारी गेली. मना कामाला जावाचा व्हता.’

नटाने शेवटी ‘दादूस’ जोडला, सूर चढवला आणि निश्चिंत झाला. आजीच्या वाक्यात ‘दादूस’ नाही, हेलही फार नाही. तरी तीन गोष्टी तिथे चोख आहेत. दोन स्वरांमधल्या ‘ड’चा ‘र’ झालाय: घोडा तो घोरा, गाडी ती गारी. ‘मला’ऐवजी ‘मना’ आलंय. आणि ‘जायचं होतं’मधलं नपुंसकलिंग जाऊन ‘जावाचा व्हता’ असं पुल्लिंगी रूप आलंय. ‘ळ’चा ‘ल’ आणि ‘ण’चा ‘न’ कुणालाही पटकन ऐकू येतो, म्हणून नक्कल तिथूनच सुरू होते आणि बहुतेक वेळा तिथेच संपते. क्रियापदाचा शेवट आणि सर्वनामाचं रूप ही बोलीची हाडं. ती बाहेरच्या कानाला सहज सापडत नाहीत.

ही रूपं काही गुपित नाहीत. ग्रियर्सनच्या ‘लिंग्विस्टिक सर्व्हे ऑफ इंडिया’चा सातवा खंड १९०५ साली निघाला. त्यात आगरी, कोळी, कातकरी, वारली, ठाकरी यांचे नमुने छापलेले आहेत. बायबलमधली उधळ्या मुलाची गोष्ट प्रत्येक बोलीत सांगून घेतलेली, त्यामुळे वाचकाला रूपं शेजारी ठेवून ताडता येतात. पुढे अ. मा. घाटगे यांनी मराठी बोलींच्या पाहणीत ठाण्याच्या वारलीवर स्वतंत्र पुस्तक केलं. अलीकडे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने जिल्ह्याजिल्ह्यांत फिरून माणसांचं बोलणं ध्वनिमुद्रित केलं आणि ते इंटरनेटवर खुलं ठेवलं. शंभर वर्षांहून अधिक काळ सामग्री हाताशी आहे. संहिता लिहिणाऱ्याने ती उघडायला हवी.

तिथेच दुसरी गाठ बसलेली असते. बहुतेक संवाद आधी प्रमाण मराठीत लिहिले जातात, मग सेटवर त्यांना ‘गावरान टच’ देतात. वाक्याची बांधणी पुण्या-मुंबईची राहते, वर ‘नाय’, ‘व्हय’, ‘म्हाईत’ यांचा शिडकावा होतो. अशी तयार होते ती कोणत्याच तालुक्यात न बोलली जाणारी ग्रामीण मराठी. तिचा नायक सांगलीचा असो, जव्हारचा की बदलापूरचा, बोलतो सारखाच.

उल्हासनगर आणि ‘वडी साईं’

फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत जागा मिळाली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिथे नव्या नगराची पायाभरणी झाली आणि उल्हास नदीवरून त्याला नाव मिळालं. छावण्या गेल्या, पण ‘कॅम्प नंबर’ एक ते पाच आजही रिक्षावाल्याला सांगावा लागतो.

हिंदी पडद्यावरचा सिंधी साधारणपणे दुकानदार असतो. हातात पापड, तोंडात ‘वडी साईं’, नजर गल्ल्यावर. सिंधी भाषेची खरी खूण त्याच्या बोलण्यात सापडत नाही. सिंधीत ग, ज, ड, ब या चार व्यंजनांचे आणखी चार भाऊ आहेत. ते उच्चारताना हवा बाहेर न सोडता किंचित आत ओढली जाते. देवनागरीत ते अक्षराखाली रेघ देऊन लिहितात. दुसरी खूण शब्दाच्या शेवटाला. आपल्या ‘हात’ आणि ‘घर’ला सिंधीत ‘हथु’ आणि ‘घरु’ म्हणतात. तो शेवटचा ‘उ’ इतका हलका की लक्ष नसेल तर निसटतोच. हे दोन्ही साधायला महिनोन्‌महिने कान द्यावा लागतो. ‘साईं’ म्हणायला एक सेकंद पुरतो.

त्यातही सिंधी एक नाही. शिकारपूर, लाडकाणा, सख्खर, हैदराबाद अशा वेगवेगळ्या गावांची माणसं इथल्या बराकींत शेजारी आली, प्रत्येकाची ढब वेगळी. गजानन मार्केटमध्ये कापड दाखवणारा आजचा तिशीतला दुकानदार गिऱ्हाइकाशी मुंबईची हिंदी बोलतो. गिऱ्हाईक मराठी निघालं तर ‘ताई, हा कलर बघा’ म्हणतो. आतून आजीने हाक मारली की सिंधीत उत्तर देतो. एका मिनिटात तीन भाषा बदलणारा हा माणूस मी पडद्यावर पाहिलेला नाही. पडद्यावरचा सिंधी १९५० सालीच अडकून पडलाय.

गंमत म्हणजे पडद्यामागे सिंधी माणसं कमी नव्हती. ‘शोले’चे निर्माते जी. पी. सिप्पी आणि दिग्दर्शक रमेश सिप्पी सिंधी. त्यातले जेलर असरानी सिंधी. साधना शिवदासानी कराचीत जन्मलेल्या, ‘अबाणा’ (१९५८) या सिंधी चित्रपटातून पुढे आलेल्या. हिंदीत मात्र कुणी सिंधी वळणाने बोललं नाही. ‘शोले’तला सर्वांत गाजलेला प्रादेशिक लहेजा सूरमा भोपालीचा, आणि तोही हसवण्यासाठीच.

उलट दिशेचा प्रयोगही झाला. सिंधी घरातल्या रणवीर सिंगने ‘बाजीराव मस्तानी’त (२०१५) पेशव्याच्या हिंदीला मराठी वळण दिलं. ते किती साधलं यावर मतभेद आहेत. पण नायकाला, तेही करुण शेवट असलेल्या नायकाला, लहेजा देण्याचं धाडस त्यात होतं. ‘सिंघम’पासून (२०११) हिंदी सिनेमाने मराठी नायकाच्या तोंडी एखादं मराठी वाक्य ठेवायची पद्धत पाडली. टाळी पडली की तो पुन्हा सफाईदार हिंदीवर येतो. बाजीरावाने निदान मुक्काम बदलला नाही.

जिथे जमलं तिथे काय होतं

पु. ल. देशपांडे यांनी ‘पिग्मॅलियन’चं ‘ती फुलराणी’ केलं ते १९७५ साली. मूळ नाटककार बर्नार्ड शॉ स्वतः डब्लिनचा. उच्चारावरून माणसाची पायरी ठरवणाऱ्या लंडनला त्याने बाहेरून पाहिलं होतं. फुलं विकणाऱ्या मंजुळेचं बोलणं आपल्याला हसवतं खरं. पण भक्ती बर्वे यांचं गाजलेलं स्वगत त्याच बोलण्यात आहे. अपमान, राग, सूड, स्वप्न सगळं तिच्याच उच्चारात बाहेर पडतं. नाटककाराने तिची बोली विनोदापुरती वापरून टाकून दिली नाही.

मालवणीचं भाग्य आणखी थोर. राजापूर तालुक्यातल्या माडबनचे गंगाराम गवाणकर यांनी लिहिलेलं आणि मालवणचे मच्छिंद्र कांबळी यांनी गाजवलेलं ‘वस्त्रहरण’ १९८०मध्ये आलं आणि त्याचे पाच हजारांवर प्रयोग झाले. विनोदीच नाटक, पण हसणारे आणि हसवणारे एकाच मातीतले. त्या नाटकाने तयार केलेला प्रेक्षक पुढे ‘रात्रीस खेळ चाले’ला (२०१६) मिळाला. तिथे मालवणीतून भीती, वासना, भाऊबंदकी सारं बोललं गेलं.

‘सैराट’ (२०१६) तर हाताशी असलेलं उदाहरण आहे. नागराज मंजुळे करमाळ्याकडचे, रिंकू राजगुरू अकलूजची. प्रेमही त्याच बोलीत, मारामारीही त्याच बोलीत. दोन वर्षांनी तीच गोष्ट ‘धडक’मध्ये उदयपूरला गेली. तिथल्या मेवाडी वळणाच्या हिंदीवर टीका झाली. गोष्ट हलवता आली, कान हलवता आला नाही.

आगरी माणूस गंभीर कधी होणार?

या तिन्ही उदाहरणांत बोलीला दुःखाची, रागाची, प्रेमाची जागा मिळाली. तशी जागा मिळाली की नटाला ‘दादूस’ आणि ‘साईं’वर भागवता येत नाही. चढ्या सुरात चूक झाकते, हळू आवाजात ती उघडी पडते. म्हणून खोटा लहेजा सुधारायचा तर आधी पात्राची पायरी बदलायला हवी, मग संहिता, आणि नटाच्या जिभेची पाळी त्यानंतर.

आगरी समाजाकडे गंभीर विषयांची वाण नाही. १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली चरी परिसरातल्या शेतकऱ्यांनी खोतांची जमीन न कसण्याचा संप चालवला. लग्नघरात धवलारीण धवले गाते, त्यात हळद जितकी तितकंच माहेर सुटल्याचं दुःख असतं. २०१७मध्ये डोंबिवलीच्या नव्वदाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं यजमानपद आगरी यूथ फोरमने भूषवलं. संमेलनाचा मांडव उभारणारा समाज मालिकेत मात्र अजून विनोदाच्या फोडणीपुरताच येतो. कातकरी आणि ठाकूर तर तेवढ्यालाही येत नाहीत.

आणि आता इथला प्रेक्षकही बदलला आहे. दादर-परळ सोडून आलेली, कोकणातून, खानदेशातून, विदर्भातून आलेली कुटुंबं बदलापूर-अंबरनाथच्या एकेका इमारतीत राहतात. एका जिन्यावर मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी, आगरी आणि शेजारच्या गावात सिंधी. मालिका लागली की चार मजल्यांवरून चार चुका निघतात. इतका तयार परीक्षकवर्ग लोकलच्या एका तिकिटावर उपलब्ध आहे. निर्मात्यांनी पात्रं ठरवण्याआधी इथे यावं, चिखलोलीत तासभर आणि कॅम्प तीनमध्ये तासभर नुसतं ऐकावं. आणि पुढच्या मालिकेत न्यायाधीश, डॉक्टर किंवा पोर गमावलेली आई यांतलं एक तरी पात्र ‘मना’ म्हणणारं लिहावं. नटाला ते साधलं नाही, तर बदलापूर सांगेलच.