हातीपायी धड

देवाजवळ काय मागणे आहे, असे वृद्ध मंडळींना विचारले तर बहुतेकांचे उत्तर एकच येते : 'हातीपायी धड असताना ने रे बाबा!' भाषेचा मास्तर म्हणून मला या शब्दप्रयोगाचे मोठे कौतुक वाटते. म्हातारपणी मरणाहून परावलंबनाचे भय अधिक, हे त्यात नेमके आले आहे.

वैद्यकाने मात्र या दुखण्याचे बारसे फार उशिरा केले. १९८८ साली आयर्विन रोझेनबर्ग या अमेरिकन शास्त्रज्ञांनी 'सार्कोपेनिया' हे नाव सुचविले. ग्रीक भाषेत 'सार्क्स' म्हणजे मांस आणि 'पेनिया' म्हणजे उणीव. वयाबरोबर स्नायू झिजतात. पण काट्यावर ते कळेलच असे नाही. स्नायूंची जागा पुष्कळदा चरबी घेते आणि वजन तेवढेच राहते!

'वयच झाले' असे म्हणून आपण मोकळे होतो. पण १९९० साली प्रसिद्ध झालेला बोस्टनकडचा एक प्रयोग पाहा. सरासरी नव्वद वर्षांच्या दहा अशक्त वृद्धांना आठ आठवडे पायांनी वजन पेलण्याचा व्यायाम दिला. नऊ जणांनी तो पुरा केला आणि त्यांचे बळ सरासरी १७४ टक्क्यांनी वाढले.

आमच्या मातोश्री पंचाहत्तरीच्या. रात्री 'हलके' म्हणून चहा-खारी, उपवासाला साबुदाणा. प्रथिनांच्या नावाने शून्य. एके दिवशी पाटावरून उठता येईना, तेव्हा म्हणाल्या, "आता पूजा तूच कर." त्या एका वाक्याने मी हादरलो.

डॉक्टरांनी हिशेब मांडून दिला. उतारवयात दर किलो वजनामागे रोज एक ते सव्वा ग्रॅम प्रथिने हवीत. म्हणजे पन्नास किलोला पन्नास-साठ ग्रॅम. अंड्यात सुमारे सहा, पेलाभर दुधात साधारण तेवढीच. म्हणून प्रत्येक जेवणात दाट वरण, उसळ किंवा दही. मधल्या वेळी भाजलेले दाणे. (मूत्रपिंडाचा विकार असेल त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.)

मात्र नुसते खाऊन भागत नाही आणि नुसता फेरफटकाही पुरत नाही; स्नायूंवर भार पडला पाहिजे. खुर्ची भिंतीला टेकवून, हात छातीशी घेऊन उठावे, बसावे. हीच परीक्षाही आहे : पाच वेळा उठायला बारा सेकंद किंवा अधिक लागले, तर तपासून घ्यावे, असे आशियाई तज्ज्ञांनी २०१९ साली ठरविले.

मातोश्रींनी तीन उठाबशांनी आरंभ केला; आज दहा होतात. पाट सुटला तो सुटलाच. पण खुर्चीवर बसून पूजा स्वतः करतात आणि उठताना माझा हात धरीत नाहीत.

वाचकहो, या दिवाळीत वडीलधाऱ्यांच्या पाया पडाल, तेव्हा त्या पायांकडे एकदा नीट पाहा. आणि दाण्याचा लाडू आधी त्यांच्या ताटात वाढा.