आमच्या आवडीचा धांगडधिंगा



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा त्यांची अपेक्षा माथाडी कायदा, किमान वेतन, फार तर संपाचा इतिहास अशी असावी. आम्ही 'रॉक संगीत' असे लिहून दिले. चिटणीसांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाले, "हे ठीक आहे, पण मुख्य विषय कोणता?" हाच मुख्य विषय आहे. सुमारे चाळीस वर्षे आम्ही हे संगीत ऐकत आलो आहोत आणि त्यापायी घरात व युनियनच्या कचेरीत पुष्कळ बोलणी खाल्ली आहेत. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी तर एकदा भर बैठकीत बजावले की, हे साहेबाचे संगीत, पैसेवाल्यांच्या पोरांचा धांगडधिंगा. कामगारांच्या माणसाला तो शोभत नाही. त्या वेळी आम्ही गप्प बसलो. उत्तर ठाऊक नव्हते म्हणून बसलो. पुढे ते वाचून, ऐकून, विचारून गोळा केले, तेच आज मांडतो.

आधी ही आवड लागली कशी, ते सांगितले पाहिजे. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातला एक तालुका होता. जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी. आमची शाळा आठवीत सुटली आणि आम्ही रेडिओ व टेपरेकॉर्डर दुरुस्तीच्या दुकानात उमेदवारीला लागलो. दुकानात येणाऱ्या यंत्रांच्या पोटात कोणाची ना कोणाची कॅसेट अडकलेली असे. बहुतेक भजने, भीमगीते, सिनेमाची गाणी. एकदा एक कॅसेट निघाली, तिच्यावर नावगाव काही नव्हते. यंत्र नीट झाले की नाही हे पाहण्यासाठी ती लावली आणि आम्हांला वाटले, यंत्र बिघडलेलेच आहे. स्वर फाटत होता. दोनदा डोके साफ केले, पट्टा बदलला, तरी फाटतच होता. शेवटी ध्यानात आले की तो मुद्दाम फाडलेला आहे. त्या गाणाऱ्यांची नावे कळायला आम्हांला चार वर्षे लागली. ते लेड झेपेलिन होते.

हा फाटका स्वर म्हणजे काय, ते दुरुस्तीवाल्याच्या भाषेत सांगतो. गिटारच्या तारेचा आवाज विजेच्या लाटेत बदलून अ‍ॅम्प्लिफायरने वाढवायचा, ही साधी गोष्ट. पण अ‍ॅम्प्लिफायरवर त्याच्या ताकदीबाहेरचे ओझे टाकले म्हणजे लाटेचे माथे त्याला पेलत नाहीत. ते छाटले जातात. गोल लाट चपटी होते आणि तारेच्या मूळ स्वरात नसलेले कितीतरी कर्कश उपस्वर तीतून उमटू लागतात. जादा कामाने कावलेला कामगार ओरडतो, तसाच काहीसा हा प्रकार! १९६४ साली किंक्स नावाच्या बँडमधील डेव्ह डेव्हिस या पोराने आपल्या स्पीकरचा कागदी पडदा पात्याने चिरला आणि त्या चिरलेल्या पडद्याच्या आवाजावर गाणे गाजवले. इकडे आम्ही असले पडदे डिंक लावून चिकटवण्याचे पैसे घेत होतो. या आवाजावर गिटारची एक छोटी, ठसकेबाज ओळ पुन्हा पुन्हा येत राहते, लावणीच्या मुखड्यासारखी. खाली बास गिटार व ड्रम आणि वर गाणारा. चार-पाच माणसांचे हे बिऱ्हाड. बँड म्हटल्यावर वरातीतला बँड डोळ्यांपुढे आणू नये, इतकेच.

आता हे संगीत कोणाचे? याचे मूळ अमेरिकेच्या दक्षिणेत, काळ्या शेतमजुरांच्या 'ब्लूज' गाण्यांत आहे. मडी वॉटर्स हा गवई मिसिसिपीत कापसाच्या मळ्यावर राबलेला. १९४३ मध्ये तो शिकागोला गेला, आणि तिथल्या गजबजलेल्या गुत्त्यांत साधी गिटार ऐकू जाईना म्हणून त्याने विजेची धरली. कापूस वेचणारा माणूस शहरात येतो आणि गोंगाटावर मात करण्यासाठी आवाज चढवतो; आमच्या जिल्ह्यातल्या माणसाला यात परके काय वाटावे? पुढे ही गाणी तबकड्यांतून इंग्लंडात पोहोचली आणि तिथल्या कामगारवस्त्यांतील पोरांनी उचलली. बीटल्समधील जॉर्ज हॅरिसनचे वडील लिव्हरपूलच्या बसवर कंडक्टर होते, आपल्या एसटीतल्या मंडळींसारखे. हाच हॅरिसन जानेवारी १९६८ मध्ये मुंबईला येऊन एचएमव्हीच्या स्टुडिओत आपल्या वादकांबरोबर ध्वनिमुद्रण करून गेला. आमचे लेड झेपेलिनवाले पेज आणि प्लांट हे १९७२ मध्ये मुंबईत तसेच करून गेले. ते मुद्रण बाजारात यायला मात्र २०१५ साल उजाडले.

झेपेलिनवर आमचा जीव आहे, पण हिशेब तो हिशेब. त्यांचे १९६९ चे सर्वांत गाजलेले गाणे, 'होल लॉटा लव्ह', हे विली डिक्सन या मिसिसिपीच्या काळ्या गीतकाराच्या गाण्यावरून उचललेले होते. डिक्सनने १९८५ मध्ये दावा लावला, १९८७ मध्ये तडजोड झाली आणि पुढे गाण्याखाली त्याचेही नाव लागले. श्रम एकाचा आणि पावती दुसऱ्याची, हा प्रकार आम्ही मोंढ्यात रोज पाहतो. तरीही ते गाणे आम्ही ऐकतोच. आवड ठरावाने बदलता येत नाही, हा आमचा अनुभव आहे.

पण सहकाऱ्यांच्या आरोपाला सर्वांत सणसणीत उत्तर आहे ते क्वीन या बँडचे, आणि ते आपल्याच पाचगणीहून निघते. या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणजे मूळचा फरोख बलसारा, पारशी कुटुंबातला, जन्म झांझिबारचा, १९४६ चा. आठ वर्षांचा असताना आईबापांनी त्याला साताऱ्याकडे पाचगणीला सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात पाठवले. तिथे तो पियानो शिकला, 'फ्रेडी' झाला, आणि चार सोबत्यांबरोबर त्याने 'द हेक्टिक्स' नावाचा पहिला बँड काढला. १९६४ मध्ये झांझिबारात क्रांती झाली आणि कुटुंब इंग्लंडला पळाले. नाव होण्याआधी या फ्रेडीने लंडनच्या हीथ्रो विमानतळावर प्रवाशांचे सामान चढवण्या-उतरवण्याचे काम केले. म्हणजे आपल्या भाषेत तो हमाल होता! १९६९ चा माथाडी कायदा इथल्या हमालांना समजावून सांगण्यात आमची निम्मी हयात गेली. हे कळले, त्या दिवशी आम्ही कचेरीत ज्याला त्याला थांबवून सांगत सुटलो. कोणाला विशेष वाटले नाही, ही गोष्ट वेगळी.

फ्रेडीपासून आम्ही एक धंद्याची गोष्टही शिकलो. १३ जुलै १९८५ रोजी लंडनच्या वेंब्ली मैदानात, दुष्काळग्रस्त इथिओपियासाठी झालेल्या कार्यक्रमात क्वीनला जेमतेम वीस मिनिटे मिळाली होती. समोर सत्तर हजारांवर माणूस. मधेच हा गृहस्थ वाद्ये थांबवतो, शब्द नसलेली एक तान फेकतो आणि सगळे मैदान ती जशीच्या तशी परत करते. मग जरा अवघड तान. तीही परत येते. कीर्तनकार टाळकऱ्यांना जसा खेळवतो तसेच हे. आमचा जिल्हा नामदेवांच्या नर्सीचा. आम्हांला हे नवे नव्हते, पण सभेला हे लागू करावे असे कधी सुचले नव्हते. १९७७ च्या 'वी विल रॉक यू' या गाण्यात तर दोनदा पाय आपटणे आणि एक टाळी एवढाच ठेका आहे, कारण लोकांना त्यात सामील होता यावे अशीच त्याची रचना केलेली आहे. तो ठेका आम्ही एकदा तहसीलवरच्या मोर्चात घोषणेखाली चालवून पाहिला. तीन ओळींत पोरांनी तो उचलला. बायकांनी त्याआधीच उचलला होता.

आमच्या नावडीही सांगून टाकतो. पंधरा पंधरा मिनिटे एकटा ड्रम बडवणे आम्हांला सोसत नाही. परीराज्ये आणि जादूगार यांवर गाणी रचणारे बँडही आमच्या कामाचे नाहीत. आणि कोणी विचारलेच, तर अमर शेखांचा आवाज आम्ही या सगळ्यांच्या वर ठेवतो. पण अमर शेख आवडतात म्हणून झेपेलिन आवडू नये, हे गणित आम्हांला उमगलेले नाही.

शेवटी ब्लॅक सॅबथ. बर्मिंगहॅम हे पोलादी कारखान्यांचे गाव. तिथला टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता आणि गिटार वाजवी. १९६५ मध्ये, सतरा वर्षांचा असताना, बँडबरोबर दौऱ्यावर जायचे म्हणून त्याने नोकरी सोडली. कामाचा शेवटचा दिवस. दुपारी घरी जेवायला आला तो परत जायला तयार नव्हता. दिवस पुरा कर, असे आईने सांगितले. यंत्रावरचा नेहमीचा माणूस आला नव्हता म्हणून न शिकवता यालाच दाबयंत्रावर उभे केले होते. उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके गेली. तो डावखुरा, म्हणजे तार दाबायची बोटे नेमकी तीच. डॉक्टरांनी गिटार विसरायला सांगितले. तेव्हा कारखान्याच्या मुकादमाने त्याला जँगो राइनहार्ट या गिटारवाल्याची तबकडी आणून ऐकवली. आगीत दोन बोटे निकामी होऊनही राइनहार्ट नामांकित झाला होता. आयोमीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, त्यांवर चामडे चढवले, आणि दुखू नये म्हणून बँजोच्या बारीक तारा गिटारला लावल्या. पुढे त्या तारा ढिल्याही केल्या. ढिली तार खालचा स्वर देते. तोच तो जड, काळोखा आवाज, ज्यातून १९७० नंतर 'हेवी मेटल' नावाचा सगळा पंथ निघाला. बँडचा गायक ऑझी ऑस्बोर्न हा खाटीकखान्यात काम केलेला. जुलै २०२५ मध्ये हे चौघे आपल्याच वस्तीशेजारच्या मैदानात अखेरचे वाजले, आणि त्याच महिन्यात ऑझी गेला.

हे आम्ही इतक्या विस्ताराने सांगतो, त्याला कारण आहे. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ, त्यांना आम्ही मामा म्हणतो, एका जिनिंगमध्ये कामाला होते आणि गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवत. यंत्रात अडकलेला कापूस काढताना त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली. हजेरीपटावर त्यांचे नावच नव्हते. १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्याची पुस्तिका आम्ही पहिल्यांदा उघडली ती त्यांच्यासाठी, दुकानातल्या बाकावर बसून. दावा सहा वर्षे चालला. तोवर आम्ही दुकान सोडून युनियनमध्ये आलो होतो. मामांनी पेटी सोडली आणि टाळ धरला.

गेल्या साली एका दुपारी कचेरीत आम्ही त्यांना आयोमीची गोष्ट सांगितली आणि त्याचे गाणे लावले. ते डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग म्हणाले, "वाजवतो बरं. पण भाऊ, बोटं गेल्यावर त्या कारखान्यातून त्याला मिळालं काय?"

"मुकादमानं एक तबकडी ऐकवली," आम्ही म्हणालो.

"आम्हाला तेबी नाही," मामा म्हणाले, आणि त्यांनी ते गाणे पुन्हा लावायला सांगितले.