आठ हजार फेऱ्यांपलीकडची सिव्हिक

१९९७च्या ऑगस्टमध्ये होंडानं जपानी बाजारात तीन दारांची एक सिव्हिक आणली. किंमत १९ लाख ९८ हजार येन, म्हणजे तरुण नोकरदाराला हप्त्यांवर झेपेल अशी. आज तीच गाडी नीट राखलेली असेल, तर जपानमध्येसुद्धा मूळ किमतीच्या दुपटीहून जास्त पैसे मोजावे लागतात. नाव सिव्हिक टाइप आर. जाणकार तिला नुसतं ‘ईके९’ म्हणतात. घरगुती वापरासाठी जन्मलेल्या हॅचबॅकची किंमत पाव शतकानंतर चढत जाते, याचं कारण आधी तिच्या बॉनेटखाली शोधायला हवं.

तिथं लाल झाकणाचं ‘बी१६बी’ इंजिन आहे. क्षमता अवघी १५९५ सीसी, टर्बो नाही, तरी ताकद १८५ अश्वशक्ती. म्हणजे लिटरमागे ११६, आणि तीही मिनिटाला ८२०० फेऱ्यांवर. त्या काळी रस्त्यावरच्या फार थोड्या गाड्यांना हा आकडा जमला होता. होंडाच्या व्हीटेक यंत्रणेत कॅमशाफ्टवर दोन स्वभावांचे कॅम असतात: एक शहरातल्या रहदारीसाठी, दुसरा इंजिन चढल्यावर झडपा जास्त आणि जास्त वेळ उघडण्यासाठी. १९८९च्या इंटेग्रात ती प्रथम आली. ईके९साठी इंजिनियरांनी लांब कनेक्टिंग रॉड घातले, त्यामुळे इतक्या वेगात पिस्टनवर येणारा आडवा ताण कमी झाला. हवा आत घेणाऱ्या वाटा कारागिरांनी हातानं घासून गुळगुळीत केल्या. सहा हजारांच्या पुढे काटा गेला की इंजिनाचा आवाजच पालटतो, आणि तो आवाज ज्यानं एकदा ऐकला तो या गाडीची किंमत कधी अवाजवी म्हणत नाही.

बाकी गाडीतही हीच वृत्ती आहे. वजन जेमतेम १०५० किलोच्या आसपास. पत्र्याच्या सांध्यांना जादा मजबुती, पुढच्या चाकांना मर्यादित घसरणीचा डिफरन्शियल, आत लाल रेकारो खुर्च्या, मोमोचं स्टिअरिंग, टायटॅनियमची गिअर मूठ. ‘चॅम्पियनशिप व्हाइट’ हा तिचा पांढरा रंग १९६५ साली मेक्सिकोत होंडाला पहिला फॉर्म्युला वन विजय मिळवून देणाऱ्या गाडीची आठवण आहे. काळी, चंदेरी आणि पिवळीही मिळत असे, पण संग्राहकाची नजर बहुधा पांढरीवरच थांबते. मला मात्र ‘मोटर स्पोर्ट्स’ नावाची सर्वांत साधी आवृत्ती अधिक मोलाची वाटते. पोलादी चाकं, एसीसुद्धा नाही. ती शर्यतवाल्यांसाठीच होती. त्यांनी ती शर्यतीत झिजवली, ठोकली, पार संपवली. म्हणून मूळ अवस्थेतली अशी गाडी दिसली की तज्ज्ञही थबकतात.

दुर्मीळपणा इथूनच येतो. २०००पर्यंत चाललेलं हे उत्पादन फक्त जपानसाठी होतं, तेही उजव्या स्टिअरिंगचं. त्यातल्या बऱ्याच गाड्या डोंगरी घाटांत आदळल्या, चोरीला गेल्या, किंवा इंजिन काढून दुसऱ्या सिव्हिकमध्ये बसवण्यासाठी मोडल्या गेल्या. उरलेल्यांपैकी पुष्कळांचे सस्पेन्शन, चाकं, सायलेन्सर मालकांनी बदलले. मूळ खुर्च्या आणि मूळ चाकं आता गाडीपासून वेगळी होऊनही चांगल्या भावानं विकली जातात.

मग अमेरिकी नियमानं भाववाढीच्या या आगीत तेल ओतलं. परदेशातली गाडी अमेरिकी सुरक्षा मानकांत बसत नसली, तरी तयार होऊन पंचवीस वर्षं झाली की आयात करता येते. पहिल्या ईके९ला ही मुभा २०२२च्या ऑगस्टमध्ये मिळाली. कॅनडात हीच मर्यादा पंधरा वर्षांची असल्यानं तिथले शौकीन दहा वर्षं आधीच खरेदीला उतरले होते. मागणी वाढली, पुरवठा मात्र होंडाच्या सुझुका इथल्या कारखान्यात कधीच थांबला होता.

भाव वाढला की नकलाही येतात. त्याच पिढीच्या साध्या सिव्हिकमध्ये लाल खुर्च्या, लाल बोधचिन्ह आणि विकत आणलेलं इंजिन बसवलं, की फोटोत फरक कळत नाही. म्हणून जाणकार आधी इंजिनामागच्या भिंतीवर ठोकलेला चेसिस नंबर पाहतो. त्याची सुरुवात ‘ईके९’नंच हवी. मग जपानी लिलावाचा तपासणी कागद. त्यात गाडीच्या आकृतीवर खुणा असतात: ‘ए’ म्हणजे ओरखडा, ‘यू’ म्हणजे पोचा, ‘डब्ल्यू’ म्हणजे डेंटिंग-पेंटिंगची खूण, दोन फुल्या म्हणजे बदललेला भाग. श्रेणीच्या जागी ‘आर’ असेल तर गाडीचा सांगाडा कधीतरी दुरुस्त झाला आहे. किलोमीटरचा काटा मागे फिरवलेला नाही ना, हे जुन्या सर्विस नोंदींवरून ताडता येतं. शेवटी वाकून मागच्या चाकांवरच्या कमानी बघायच्या, कारण या पिढीच्या सिव्हिकला गंज तिथूनच धरतो.

भारतात ही गाडी अधिकृतपणे कधी आली नाही, आणि वापरलेली गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी असेल तर आयातीचा नियमच आडवा येतो. आपल्या वाट्याला आली ती तिची साधी नातलग: २०००च्या सुमारास सिटीमध्ये आलेलं दीड लिटरचं, १०६ अश्वशक्तीचं व्हीटेक इंजिन. मुंबई-पुण्याच्या कित्येक हौशी चालकांची व्हीटेकशी पहिली ओळख त्या सिटीतच झाली, आणि ईके९च्या व्हिडिओंवर त्यांचे डोळे का खिळतात हे त्यामुळे मला नीट समजतं.

पैसा बाळगून असलेला संग्राहक सहसा सगळ्यांत कमी धावलेली गाडी मागतो. ही निवड मला पटत नाही. वर्षानुवर्षं उभी राहिलेल्या गाडीत रबरी सील कडक होतात, पेट्रोलच्या टाकीत गंज धरतो, टायमिंग बेल्ट न धावताही जुना होतो, आणि तो तुटला तर पिस्टन झडपांवर आदळून इंजिनच जातं. नव्वद हजार किलोमीटर धावलेली, प्रत्येक सर्विसची नोंद असलेली, मूळ खुर्च्यांसह एकाच मालकानं जपलेली ईके९ मी दहा हजार किलोमीटरवर झाकून ठेवलेलीपेक्षा आधी घेईन, आणि तिचा काटा अधूनमधून आठ हजार फेऱ्यांपर्यंत नेईन.