उन्हावर भरणारा रात्रीचा दिवा

पावसाळ्यात रात्री वीज गेली म्हणजे घरातल्या घरातही पाऊल जपून टाकावे लागते. मण्यार रात्रीच फिरते, आणि जमिनीवर निजलेल्याला ती चावली तरी पुष्कळदा कळतदेखील नाही. उशाशी मंद उजेड असला तर निदान पाय कोठे पडतो ते दिसेल. चिमणी तेवत ठेवावी, तर धूर आणि आगीची धास्ती. त्यापेक्षा दिवसा उन्हावर भरणारा एक छोटा दिवा घरीच करा.

सामान थोडेच लागते. ६ व्होल्ट, १०० मिलिअँपिअरची सोलर प्लेट. निकेल-मेटल हायड्राइड जातीचे, म्हणजे पुन्हा भरता येणारे, १००० मिलिअँपिअर-तासांचे तीन सेल. एक डायोड, एक पांढरा एलईडी, एक बटन आणि ४७ ओहमचा रोध. दुकानात त्याला रेझिस्टर म्हणतात. अंगावर पिवळा, जांभळा, काळा असे पट्टे पाहून घ्या. टॉर्चचे साधे सेल इथे चालायचे नाहीत. ते भरू गेल्यास गळतात, फुटतातही. मोबाइलची जुनी बॅटरी तर नकोच. ती पेट घेते.

तिन्ही सेल एकापुढे एक जोडा. प्लेटची धन तार डायोडमधून सेलांच्या धन टोकाला न्या. डायोडवरचा पट्टा सेलांकडे हवा. ऋण तार सरळ ऋणाला. हा डायोड कशाला? विहिरीवरच्या पंपाला फूटव्हॉल्व्ह असतो ना, वर चढलेले पाणी परत उतरू देत नाही, तसाच हा. तो नसला तर रात्री सेलांतली वीज उलटी प्लेटमध्ये झिरपेल. आता सेलांच्या धन टोकापासून बटन, मग रोध, मग एलईडीचा लांब पाय. आखूड पाय ऋणाला. सांध्यांना डाख द्या. नुसते पिळे कालांतराने गंजतात.

शिक्षकांनी इथे मुलांकडून गणित करून घ्यावे. तीन सेलांचे मिळून ३.६ व्होल्ट. पांढरा एलईडी सुमारे ३ घेतो, उरले ०.६. त्याला ४७ ने भागले म्हणजे जवळजवळ १३ मिलिअँपिअर. दहा तासांना १३० लागले. प्लेटने पाच तासांच्या उन्हात निम्म्याच जोराने भरले, तरी २५० मिळतात. रोध काढून टाकला तर मात्र हिशेब कोलमडतो: व्होल्ट जरासे वाढले की एलईडीतला प्रवाह एकदम उसळतो आणि तो जळतो.

प्लेट दक्षिणेकडे तोंड करून, वीसेक अंश कललेली ठेवा. धूळ आठवड्याला पुसा. आषाढ-श्रावणात आभाळ भरून आले की भरणे फारच कमी होते. पण सेल पुरते भरलेले असतील तर चार-पाच रात्री निभावतात. उजेड मंदावला की बटन बंद ठेवून एक-दोन दिवस नुसते ऊन खाऊ द्यावे.