घरातला प्रवाळ, लेखांक ५ : रुंदी आधी, उंची शेवटी

टाकी घ्यायची ठरली की पहिला प्रश्न लिटरचा असतो. पाणी जितके जास्त तितके त्याचे तापमान, क्षारता आणि कॅल्शियमची पातळी सावकाश बदलते, म्हणून प्रवाळासाठी अगदी लहान टाकी अवघड जाते, हे गेल्या लेखात आले आहे. पण लिटरचा आकडा पाण्याचे प्रमाण सांगतो, त्याचा आकार सांगत नाही. नऊ घनफूट, म्हणजे सुमारे २५५ लिटर पाणी घ्या. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच अशा काचेत ते मावते. तीन फूट लांब, दोन फूट रुंद, दीड फूट उंच अशा काचेतही मावते, आणि तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दोन फूट उंच अशा काचेतही. पावतीवर तिन्ही टाक्या सारख्याच दिसतील. प्रवाळ वाढवायला बसलो की मात्र त्या तीन निराळ्या टाक्या ठरतात. माझे म्हणणे असे की घरच्या प्रवाळ टाकीत आधी रुंदी, म्हणजे पुढच्या काचेपासून मागच्या काचेपर्यंतचे अंतर ठरवावे, मग लांबी, आणि उंची सर्वांत शेवटी, तीही हात राखून.

खडकापासून सुरुवात करू, कारण प्रवाळ बसतो तो खडकावर. खडक काचेला टेकवून चालत नाही. शेवाळ खरवडणारा मॅग्नेट फिरायला आणि खडकामागून पाणी वाहायला चारही बाजूंनी चारेक इंच तरी मोकळे लागतात. मागे पाणी थांबले की तिथे गाळ साचतो आणि तो पुढे महिनोन्‌महिने पाणी बिघडवत राहतो. दीड फूट रुंदीतून हे आठ इंच वजा केले की दहा इंच उरतात, दोन फुटांतून सोळा. रुंदी एक तृतीयांशानेच वाढली, पण खडकाची रुंदी साठ टक्क्यांनी वाढली. हाच हिशेब लांबीलाही लावला तर पहिल्या टाकीत खडकाला ४०० चौरस इंच मिळतात, दुसरीत ४४८, आणि उंच टाकीत फक्त २८०. दहा इंचांत खडक एकावर एक ठेवून मागच्या काचेलगत भिंतच रचावी लागते. सोळा इंचांत पायऱ्या करता येतात, कपारी ठेवता येतात, दोन खडकांमधून वाळूची वाट काढता येते, आणि पंपाचा प्रवाह भिंतीवर आपटून मरण्याऐवजी खडकाभोवती फिरतो. त्यात पाणी सम्पकडे, म्हणजे स्टँडखालच्या दुसऱ्या टाकीकडे, नेणारी ओव्हरफ्लोची पेटी मागच्या बाजूला आणखी काही इंच खाते, आणि अरुंद टाकीत ते फार जाणवते. शिवाय पाणी नजरेला फसवते. त्याचा वक्रीभवनांक १.३३ असल्याने समोरून पाहताना आतली खोली पाऊणच भासते. दोन फुटांची रुंदी दीड फुटाची वाटते, आणि दीड फुटाची साडेतेरा इंचांची. टाकीत समुद्राचा आभास हवा असेल तर तो रुंदीतूनच येतो.

ही जागा सुरुवातीला गरजेपेक्षा जास्त वाटते, कारण प्रवाळ घरी येतो तो अंगठ्याएवढा. आपल्या समुद्रातले कठीण प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणच्या किनाऱ्यावरून किंवा लक्षद्वीपहून तुकडा उचलून आणणे हा गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. बाहेरून येणाऱ्या कठीण प्रवाळालाही सायटीस कराराची कागदपत्रे लागतात. ती असलेला, शेतीत वाढवलेला छोटा तुकडाच घ्यावा. अक्रोपोरा या प्रवाळाचा असा तुकडा चांगल्या पाण्यात वर्षाला कित्येक सेंटिमीटर वाढतो, आणि वाढला की शेजाऱ्याशी भिडतो. जुडिथ लँग यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला जमैकाच्या प्रवाळांवर काम करून दाखवले की दोन जातींचे प्रवाळ एकमेकांना टेकले की एक जात आपले पचनतंतू बाहेर काढून दुसरीचे जिवंत ऊतक खाऊन टाकते. गॅलेक्झियासारखे काही प्रवाळ तर न टेकताच मारतात. रात्री ते लांबलचक दंशतंतू सोडतात, आणि ते वीतभर अंतरावरच्या शेजाऱ्यालाही पोचतात. म्हणजे प्रत्येक प्रवाळाला स्वतःच्या आकारापेक्षा मोठे अंगण लागते, आणि ते अंगण आडवे असते. उंची वाढवून ते मिळत नाही. वर बसवलेला प्रवाळ फैलावला की खालच्यावर सावली धरतो, आणि उजेडाशिवाय खालचा उपाशी राहतो, कारण त्याचे बहुतेक अन्न त्याच्या ऊतकात राहणारी सूक्ष्म शैवालेच बनवतात.

आता उंचीची किंमत पाहू. पाण्याचा दाब फक्त खोलीवर ठरतो. टाकी एक फूट रुंद असो की चार, पुढच्या काचेवर येणारे बल तेवढेच राहते. उंची वाढली की मात्र ते उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. काठोकाठ भरलेल्या आपल्या तीन टाक्यांत पुढच्या काचेवर चार फुटीत सुमारे १३१ किलो, तीन बाय दोनच्या टाकीत ९८ किलो, आणि उंच टाकीत १७४ किलो भार येतो. पाणी तेवढेच, लांबी तीन फूटच, तरी पाऊणपट जास्त. म्हणून उंचीबरोबर काच जाड घ्यावी लागते आणि जोडावरच्या सिलिकॉनवर ताण वाढतो. जमिनीचेही तसेच आहे. दीड फूट उभे खारे पाणी दर चौरस मीटरला सुमारे ४७० किलो भार टाकते, दोन फूट पाणी ६२५. आणि हात? अडीच फुटी स्टँडवर दोन फुटी टाकी ठेवली की काठ साडेचार फुटांवर जातो. तळाशी पडलेला तुकडा उचलायला स्टूल लागते आणि बाही खांद्यापर्यंत भिजते. जे काम कष्टाचे असते ते टळत जाते, आणि टळलेल्या देखभालीचा पहिला बळी प्रवाळ असतो. व्यापारी तत्त्वावर प्रवाळ वाढवणारे लोक उथळ, पसरट हौद वापरतात ते याचसाठी.

याला सर्वांत सबळ आक्षेप मुंबई-ठाण्याच्या फ्लॅटमधून येतो: इथे जमीन महाग आहे, उंची फुकट आहे, मग टाकी वर का वाढवू नये? या आक्षेपाला मी हलके घेत नाही. पण चार बाय दीड आणि तीन बाय दोन या दोन्ही टाक्यांचा तळ सहा चौरस फुटांचाच आहे. रुंदीसाठी जास्त जमीन द्यावी लागत नाही, तीच जमीन निराळ्या आकारात द्यावी लागते: भिंतीवरचा एक फूट सोडायचा आणि खोलीत सहा इंच पुढे यायचे. उंच टाकी खरोखर दीड चौरस फूट वाचवते, हे मान्य. त्या बदल्यात खडकाची एक तृतीयांशाहून जास्त जागा जाते, आणि माझ्या मते हा सौदा तोट्याचा आहे. दुसरा आक्षेप असा की आजचे एलईडी दिवे दोन फूट तळापर्यंत सहज उजेड देतात. तेही खरे आहे. स्वच्छ पाणी दोन फुटांत निळा प्रकाश फारसा शोषत नाही. उजेड कमी होतो तो मुख्यतः दिव्यापासून दूर जाताना पसरल्यामुळे. सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टाइनहार्ट मत्स्यालयात तर पंचवीस फूट खोल पाण्यात जिवंत प्रवाळ ठेवले आहेत. पण तिथे प्रखर दिवे आहेत, पाणबुडे आहेत आणि पगारी कर्मचारी आहेत. घरी तोच उजेड तळाशी पोचवायचा तर दिव्याची ताकद वाढवावी लागते, वरचे प्रवाळ भाजतात आणि विजेचे बिल वाढते. उलट बरेचसे प्रचलित दिवे सुमारे दोन फूट लांब-रुंद चौकोन उजळतात. दीड फूट रुंद टाकीवर तोच दिवा लावला की त्यातला काही उजेड काचेबाहेर, खोलीत सांडतो.

माशांचा आक्षेप निराळा आहे, आणि तिथे मी माघार घेतो. टँगसारखा मासा दिवसभर पोहत असतो. त्याला लांब, सरळ धाव लागते. पिवळा टँग पाळायचाच असेल तर चार फुटांहून कमी लांबी त्याच्यावर अन्याय आहे, आणि अकँथुरस वंशातल्या मोठ्या टँगांना तर सहा फूटही जेमतेम पुरतात. तेव्हा तीन बाय दोनची टाकी निवडली तर टँगचा नाद सोडावा. क्लाउनफिश, गोबी, ब्लेनी हे त्या घरात सुखाने राहतात. ज्याला दोन्ही हवे आहे त्याने चार बाय दोन बाय दीड घ्यावी. ३४० लिटर पाणी, दोन दिवे, खडकाला ६४० चौरस इंच. घरात एवढी जागा असेल तर ही टाकी मी सर्वांत वर ठेवीन.

पसरट टाकीतून पाणी जास्त उडते, हेही खरे. पृष्ठभाग साडेचारऐवजी सहा चौरस फूट, म्हणजे एक तृतीयांश जास्त. मीठ मागे राहत असल्याने उडालेल्या पाण्याच्या जागी आरओचे गोडे पाणी रोज घालावे लागते, नाहीतर क्षारता चढते. आपोआप पाणी घालणारे यंत्र बसवले की हे काम उरत नाही. पण त्याच पृष्ठभागातून ऑक्सिजन आत येतो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, आणि बाष्पीभवन पाणी थंडही करते. प्रवाळाला २४ ते २७ अंश हवेत. पुण्या-नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात पृष्ठभागावर पंखा मारला तर पाण्याचे तापमान चांगलेच उतरते. किनाऱ्यावरच्या दमट हवेत कमी उतरते, तिथे चिलर लागतोच.

माप ठरले की स्लॅबचे पाहावे. भारतीय मानक आयएस ८७५ निवासी खोलीसाठी दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २०० किलो चल भार धरते. टाकीखाली त्याच्या दुपटीहून जास्त भार एकट्या पाण्याचाच येतो, वर काच, खडक, वाळू, स्टँड आणि सम्प. हा आकडा सगळ्या खोलीवर पसरलेल्या भाराचा असल्याने टाकी ठेवताच स्लॅब खचत नाही, पण जागा निवडावी लागते: बीमवर किंवा भार पेलणाऱ्या भिंतीलगत, खोलीच्या मध्यभागी कधीच नाही. जुन्या इमारतीत किंवा चार फुटी टाकीसाठी स्ट्रक्चरल इंजिनिअरला आधी दाखवावे. त्याची फी काचेच्या खर्चात धरावी. आपल्याकडे टाकी बहुधा मापानुसार काच कापून, सिलिकॉनने जोडून मिळते, त्यामुळे दुकानात मांडलेल्या अरुंद, गोड्या पाण्याच्या टाक्यांनी बांधले जाण्याचे कारण नाही. फक्त काच कापायला देण्याआधी सम्पचे मापही हातात असावे, कारण तो याच स्टँडखाली बसायचा आहे. ते पुढच्या आठवड्यात.