उतारवयातील पुरुषांचे स्तनार्बुद

स्तनार्बुद हा स्त्रियांचाच व्याधी, असा समज आपल्या नरखेड तालुक्यात अद्याप दृढ आहे. वस्तुतः या कर्करोगाच्या शंभर रुग्णांत सुमारे एक पुरुष असतो, आणि तो बहुधा साठीच्या आसपासचा किंवा पुढचा. सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या ११ व्या अध्यायात अर्बुद हे मंद वेदनेचे व सावकाश वाढणारे वर्णिले आहे. दुखत नाही म्हणूनच वृद्ध रुग्ण गाठ अंगावर काढतो. लज्जा आहे ती निराळीच.

निदानसमयी गाठीचा आकार आणि काखेतील ग्रंथींपर्यंत झालेला प्रसार, यांवर आयुष्य मुख्यतः अवलंबून असते. मधुमेह, हृद्रोग यांचाही वाटा मोठा. मात्र केवळ वय पाहून शस्त्रकर्म नाकारणे योग्य नव्हे. बहुसंख्य पुरुषांत हे अर्बुद संप्रेरकाश्रित असल्याने टॅमॉक्सिफेन साधारणतः पाच वर्षे देतात. ते मध्येच सोडणे घातक ठरते.

औषधालयचालकांनी येथे विशेष दक्ष राहावे. नेदरलँड्समधील २०१९ च्या अभ्यासात कर्क्यूमिन, विशेषतः मिरीतील पिपेरिनसह घेतल्यास, टॅमॉक्सिफेनपासून बनणाऱ्या क्रियाशील द्रव्याची रक्तातील मात्रा घटल्याचे आढळले. भाजीतील हळदीचा हा प्रश्न नव्हे, कॅप्सूलचा आहे.

स्तनाग्र आत ओढले गेले असेल, रक्तस्राव वा कठीण गाठ असेल, तर लेप देत बसू नये. नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालयात त्याच आठवड्यात चिठ्ठी देऊन पाठवावे.